यंत्राला हात लावू देतात का, ते आधी विचारा

नॅनोविज्ञान आणि नॅनोतंत्रज्ञानातल्या पदव्युत्तर शिक्षणाबद्दल वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. आलेल्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. मी बी.एस्सी. रसायनशास्त्रात केली आणि एम.एस्सी. नॅनोत, २००८ साली. पुढे पीएच.डी. करून गेली अकरा वर्षं एका संस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं काम पाहते. राज्यभरातून मुलं-मुली सॅम्पलच्या कुप्या घेऊन माझ्याकडे येतात. उत्तरं त्या अनुभवातून लिहिली आहेत.

ताई, मी बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात नॅनोवर एक व्याख्यान झालं, तेव्हापासून त्यातच एम.एस्सी. करायचं मनात आहे. घरचे म्हणतात, सरळ केमिस्ट्रीत एम.एस्सी. कर, म्हणजे नेट-सेट देऊन कॉलेजात लागता येईल. गणिताची मला भीती वाटते. काय करू? — विद्यार्थिनी, गडहिंग्लज

घरच्यांचं म्हणणं आधी घेते, कारण त्यात तथ्य आहे. सीएसआयआरच्या नेट परीक्षेत रसायन, भौतिक, जीव, गणित आणि भूविज्ञान असे पाचच विषय असतात. नॅनोचा वेगळा पेपर नाही. गेट या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेतही नाही. म्हणजे नॅनोत एम.एस्सी. केलीस तरी परीक्षेला तुला केमिस्ट्रीच्या मुलांच्या शेजारीच बसायचं आहे. त्यांनी दोन वर्षं सेंद्रिय, असेंद्रिय आणि भौतिक रसायन घोटलेलं असतं, आणि तू त्यातला निम्मा वेळ उपकरणं आणि भौतिकशास्त्र शिकण्यात घालवलेला असतो. अध्यापकाच्या जाहिरातीत 'संबंधित वा समकक्ष विषयात ५५ टक्के' असं लिहितात. त्या 'संबंधित'चा अर्थ प्रत्येक छाननी समिती आपापल्या परीने लावते. रसायनशास्त्राच्या जागेसाठी नॅनोची पदवी घेऊन गेलेल्यांना दारातूनच परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. कॉलेजात शिकवणं हेच तुझं ठरलेलं ध्येय असेल, तर केमिस्ट्रीत एम.एस्सी. कर आणि प्रोजेक्ट नॅनोवर घे.

संशोधनात किंवा उद्योगात जायचं असेल तर नॅनोची वाट चांगली आहे. मी तिने गेले आणि मला तिने भरभरून दिलं. पण रसायनशास्त्र हे तुझं माहेर आहे, ते सोडू नकोस. नॅनोमीटर हे एक माप आहे. मीटरचा अब्जावा भाग. आपलं नख दर सेकंदाला साधारण तेवढं वाढतं. त्या मापावर कुणी औषध करतं, कुणी बॅटरी, कुणी ट्रान्झिस्टर. पीएच.डी.च्या मुलाखतीत तुला विचारतात ते 'मूळ कोणत्या विषयातली?' हेच.

गणिताचं म्हणशील, तर एवढी घाबरू नकोस. पेटीत कोंडलेल्या कणाचं समीकरण तू बी.एस्सी.लाच शिकलीस, पेटी लहान केली की ऊर्जेच्या पायऱ्या लांब जातात. तेच समीकरण नॅनोत डोळ्यांना दिसतं. कॅडमियम सेलेनाइडचे कण मोठे असतील तर लाल उजळतात आणि लहान करत नेले की हिरव्याकडून निळ्याकडे सरकतात. पदार्थ तोच, फक्त पेटी लहान झाली. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना याच क्वांटम बिंदूंच्या कामासाठी मिळालं. एकदा कुप्या ओळीने दिव्यापुढे धरल्या की समीकरण आपोआप जवळचं वाटू लागतं.

आता प्रवेश कुठे घ्यायचा. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात नॅनोचा बारावीनंतरचा पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रम आहे, मुंबई विद्यापीठाचं नॅनो केंद्र कालिन्याला आहे. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर बंगळुरूचं भारतीय विज्ञान संस्थेतलं नॅनो केंद्र, तिथलंच जवाहरलाल नेहरू केंद्र, मोहालीची नॅनो विज्ञान व तंत्रज्ञान संस्था ही सगळी आपल्या कामाने उभी राहिलेली ठिकाणं आहेत. पण नावावर जाऊ नकोस. विभागात स्वतः जा, दुसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठ आणि एकच विचार: यंत्रावर तुम्ही स्वतः बसता, की सॅम्पल देऊन फोटो घेता?

हे मी का सांगते, ते ऐक. माझ्या एम.एस्सी.ला सोन्याचे कण करायचे होते. उकळत्या पाण्यात क्लोरोऑरिक आम्ल, त्यात सोडियम सायट्रेट. ही टर्केविच या शास्त्रज्ञाची १९५१ सालची रीत. पहिल्या तीन वेळा माझा चंबू काळपट निळा होऊन बसला आणि तळाशी गाळ आला. काच आम्लराजाने, म्हणजे हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांच्या मिश्रणाने, धुतलेली नव्हती, एवढंच कारण. चौथ्या वेळी धुतली. फिकट पिवळं पाणी आधी रंगहीन झालं, मग राखाडी, मग जांभळट, आणि बघता बघता माणकासारखं लालभडक. मी चंबू हातात घेऊन खिडकीपाशी किती वेळ उभी होते कोण जाणे. मायकल फॅरडेने १८५७ मध्ये सोन्याचं असंच लाल द्रावण केलं होतं. चमचाभर बाजूला काढून त्यात मिठाचं पाणी टाकलं की कण एकमेकांना चिकटतात आणि लाल रंग क्षणात निळा होतो.

इथवर सगळं माझ्या हातचं होतं. पुढे सॅम्पल टपालाने दुसऱ्या शहरात गेलं आणि तीन आठवड्यांनी एका सीडीवर फोटो आले. छान गोल काळे ठिपके, कोपऱ्यात '२० नॅनोमीटर' अशी पांढरी रेघ. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी त्या रेघेवर बोट ठेवून विचारलं, 'ही वीसच कशावरून?' मला सांगता आलं नाही. यंत्र मी पाहिलंच नव्हतं. आज माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच दाखवते: सोन्याच्या स्फटिकात अणूंच्या थरांमधलं अंतर ०.२३५ नॅनोमीटर असतं, हे ठाऊक आहे. ते थर फोटोत मोजायचे आणि त्यावरून रेघ बरोबर आहे का ते ताडायचं. दहा मिनिटांचं काम. ते मला दोन वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं.

मॅडम, मी नॅनो एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला तुळशीच्या अर्कापासून चांदीचे नॅनोकण केले. यूव्ही (कोणता प्रकाश शोषला जातो ते) झाला, एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकाची ओळख) झाला, जिवाणूंवर चाचणी घेतली, झोन (जिवाणू न वाढलेलं वर्तुळ) छान आला. टीईएमचा (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा) नंबर दोन महिने लागत नाही. सीनियरने कडुलिंबापासून केलं होतं, त्याच्या आधीच्याने कोरफडीपासून. याला संशोधन म्हणायचं का? — विद्यार्थी, परभणी

तुला हा प्रश्न पडला, याचा मला मनापासून आनंद झाला. पान बदलून तोच प्रयोग करणं ही हाताला वळण लावणारी चांगली तालीम आहे. त्याला संशोधन म्हणण्यासाठी मात्र त्यात एक प्रश्न हवा, आणि प्रश्न घालायला तुला अजून वेळ आहे.

आपल्याकडचंच उदाहरण देते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने गवती चहाच्या अर्कापासून सोन्याचे कण केले. ते काम २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. कण गोल आले नाहीत, पातळ त्रिकोणी चकत्या आल्या. त्या लोकांनी 'झाले कण' म्हणून वही मिटली नाही. त्रिकोण का येतात, अर्कातला कोणता घटक ते घडवतो, आणि चकत्यांचा आकार बदलला की कोणता प्रकाश शोषला जातो, हे ते शोधत गेले. म्हणून आजही जगभर त्या कामाचा दाखला देतात. गवती चहा आपल्या सगळ्यांच्या परसात आहे.

तुझ्या कामात मी पहिल्यांदा अगरच्या थाळीकडे बघेन. झोन आला, पण तो कशामुळे? चांदीचे आयन स्वतःच जिवाणू मारतात. तुझ्या द्रावणात न बदललेलं सिल्व्हर नायट्रेट उरलं असेल तर कण नसतानाही झोन येणार. तुळशीचा अर्कही थोडाफार काम करतो. तेव्हा त्याच थाळीवर आणखी तीन चकत्या ठेव. एकीवर नुसता अर्क, दुसरीवर तेवढ्याच चांदीचं सिल्व्हर नायट्रेट, तिसरीवर सेंट्रीफ्यूज करून कण खाली बसवल्यावर वरचं उरलेलं निवळ पाणी. या तिसऱ्या चकतीचाही झोन मूळ द्रावणाइतकाच आला, तर मारणारे आयन आहेत, कण नव्हेत. हे लिहायला घाबरू नकोस. माझ्याकडे येणाऱ्या दहा प्रबंधांत ही तिसरी चकती मला क्वचितच दिसते.

मग एक्सआरडी काढून बस. चांदीचे पीक, म्हणजे आलेखातले सुळके, ३८, ४४, ६४ आणि ७७ अंशांच्या जवळ असतात, ते तू खूण करून ठेवले असशील. आता ३२ आणि ४६ अंशांपाशी बघ. तिथेही टोकदार पीक असतील तर ते सिल्व्हर क्लोराइडचे आहेत. वनस्पतीच्या अर्कात क्लोराइड असतंच, आणि पानं नळाच्या पाण्याने धुतली असतील तर आणखी. अनेक जण त्या पिकांना 'अर्कातले सेंद्रिय घटक' असं म्हणून पुढे जातात. तू जाऊ नकोस. पानं डिस्टिल्ड पाण्याने धुऊन प्रयोग पुन्हा कर आणि पीक कमी होतात का बघ. हा झाला तुझा प्रश्न, तुझ्या स्वतःच्या आलेखातून निघालेला.

पिकाच्या रुंदीवरून आकार सांगणाऱ्या शेररच्या सूत्राने आकार काढला असशील तर यंत्रामुळे येणारी पिकाची रुंदी आधी वजा केली आहेस ना, ते तपास. आणि त्या सूत्राने मिळतो तो स्फटिकाचा आकार. एका कणात चार स्फटिक असू शकतात.

टीईएमच्या नंबराची वाट बघत दिवस घालवू नकोस. द्रावणाची एक कुपी अंधारात आणि एक उजेडात ठेव, दर आठवड्याला यूव्ही काढ. ४२० नॅनोमीटरच्या आसपासचा पीक कुठे सरकतो, रुंद होतो का, ते लिहून ठेव. कण किती दिवस टिकतात, हे फोटोपेक्षा जास्त उपयोगाचं असतं. नंबर लागेल तेव्हा सॅम्पलसोबत स्वतः जा. ग्रिड म्हणजे तीन मिलिमीटरची तांब्याची जाळी, तिच्यावर कार्बनचा पापुद्रा. चिमट्याने कडेला धरायची, मध्ये चिमटा लागला तर पापुद्रा फाटतो. थेंब पातळ हवा, जेमतेम रंग दिसेल इतका. मुलं गडद द्रावण आणतात आणि पडद्यावर नुसता काळा डोंगर दिसतो. मग मी त्यांना सांगते, शंभर पट पातळ करून पुन्हा या. पुन्हा या म्हणजे पुन्हा दोन महिने.

मी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर आहे, दोन वर्षं एका कारखान्यात पॅनल तपासणीचं काम करतो. गुजरातेत चिपचे कारखाने येत आहेत म्हणून एम.टेक. करावंसं वाटतं. नॅनोतंत्रज्ञानात करू की व्हीएलएसआयमध्ये (चिपच्या आराखड्याच्या शाखेत)? — वाचक, नाशिक

तुम्हाला चिपचा नकाशा काढायचा आहे की चिप भट्टीतून काढायची आहे, ते आधी ठरवा. नकाशा काढायचा असेल तर व्हीएलएसआय. त्याच्या नोकऱ्या पुण्या-बंगळुरूत आधीपासून आहेत. चिप प्रत्यक्ष घडवण्याच्या कामात जीव रमत असेल तरच नॅनो किंवा सूक्ष्मइलेक्ट्रॉनिक्सकडे या.

धोलेऱ्याला टाटा आणि तैवानच्या पीएसएमसी या चिप कंपनीचा जो कारखाना मंजूर झाला, तो २८ नॅनोमीटरपर्यंतच्या चिपसाठी. हे २८ वगैरे आकडे पिढीचं नाव झाले आहेत. चिपवर नेमकं तेवढं माप कुठे सापडेलच असं नाही. पण आत खरोखर नॅनोमीटरचा खेळ चालतो. ट्रान्झिस्टरच्या फाटकाखालचा, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या भागाखालचा, सिलिकॉन ऑक्साइडचा थर पातळ करत करत १.२ नॅनोमीटरवर आणला, म्हणजे मोजून पाच-सहा अणूंचे थर, आणि त्यातून वीज झिरपू लागली. म्हणून इंटेलने २००७ मध्ये ४५ नॅनोमीटरच्या पिढीला हाफ्नियम या धातूचं संयुग आणलं. ते एकेका अणूच्या थराने चढवतात. हा थर चढवणारा, मोजणारा, बिघडला तर का बिघडला ते शोधणारा माणूस कारखान्याला लागतो. ते शिक्षण स्वच्छ खोलीत, म्हणजे धूळ येऊ न देणाऱ्या प्रयोगशाळेतच मिळतं, पुस्तकात नाही.

आयआयटी मुंबईत आणि बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत २००६ पासून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रं उभी राहिली, आणि बाहेरच्या कॉलेजांतल्या लोकांना ती वापरता यावीत म्हणून एक राष्ट्रीय योजना सुरू झाली. पीएच.डी. करताना २०११ मध्ये मी तिच्यातून पवईला आठवडाभर शिकायला गेले होते. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, दोन हातमोजे, पिवळा उजेड, कारण निळ्या उजेडाने फोटोरेझिस्ट हा चकतीवरचा प्रकाशसंवेदी लेप खराब होतो. मी सिलिकॉनच्या चकतीवर रेझिस्ट ओतला, चकती फिरवली, आणि नेमकी मध्याजवळ एक धूळ बसली होती तिथून धूमकेतूच्या शेपटीसारखा ओरखडा कडेपर्यंत गेला. तिथल्या ताईंनी चकती फेकू दिली नाही. 'ओरखडा सुरू कुठे होतो ते बघ, धूळ कुठून आली ते कळेल,' म्हणाल्या. ती धूळ माझ्याच चिमट्यावर होती.

तुम्ही पॅनल तपासता, म्हणजे दोष शोधायची सवय तुम्हाला आहे. ती इथे फार कामाची. गेट इलेक्ट्रॉनिक्सचाच द्या, त्याच्या गुणांवर दोन्ही वाटा खुल्या राहतात. सरकारी मदतीवर चालणाऱ्या संस्थेत गेटवर प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन असतं. पगार सोडून येणाऱ्याला ते तुटपुंजं आहे, घरी आधी बोलून घ्या. आणि ज्या एम.टेक.च्या माहितीपत्रकात स्वच्छ खोलीचे तास लिहिलेले नाहीत, तिथे नॅनोच्या नावाखाली पैसे भरू नका.

माझा मुलगा बी.टेक. होतोय. त्याला युरोपात नॅनोचं मास्टर्स करायचं आहे, बेल्जियमचं ल्युव्हेन म्हणतो. आम्ही दोघं शिक्षक. घरावर कर्ज काढावं का? — एक आई, सोलापूर

ताई, घर गहाण टाकण्याआधी शिष्यवृत्तीचा दरवाजा ठोठावून बघू दे त्याला. ल्युव्हेन विद्यापीठाच्या पुढाकाराने चालणारा नॅनोचा एक इरास्मस मुंडस, म्हणजे युरोपातल्या अनेक विद्यापीठांनी मिळून चालवलेला, अभ्यासक्रम आहे. दोन वर्षांचा, इंग्रजीतून. पहिलं वर्ष ल्युव्हेनला आणि दुसरं भागीदार विद्यापीठात. स्वीडनचं चाल्मर्स, जर्मनीतलं ड्रेस्डेन, फ्रान्समधलं ग्रेनोबल, स्पेनचं बार्सिलोना अशी ती विद्यापीठं. इरास्मस मुंडसची पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तर शिक्षणशुल्क लागत नाही आणि महिना १,४०० युरो हातात येतात. त्यात विद्यार्थ्याचं भागतं. स्पर्धा मात्र जगभरातल्या मुलांशी असते आणि अर्ज आदल्या हिवाळ्यात भरायचे असतात. निकाल लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

ल्युव्हेनच का, तर तिथे आयमेक आहे. १९८४ साली स्थापन झालेली ही संशोधन संस्था, आणि जगातले मोठे चिप उत्पादक पुढच्या पिढीची कामं तिथे करून बघतात. गावातून सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर अशी जागा असणं ही विद्यार्थ्यासाठी मोठी गोष्ट आहे. शिष्यवृत्ती नाही मिळाली तर? माझं मत स्पष्ट आहे: एक वर्ष थांबावं, इथल्या चांगल्या प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून काम करावं, पुन्हा अर्ज करावा. हातात वर्षाचा प्रयोगशाळेतला अनुभव असलेल्या मुलाचा अर्ज वेगळा वाचला जातो. इथे नेटमधून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळवून पीएच.डी.ला गेला तरी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, हेही त्याच्यापुढे ठेवा. कर्ज काढून बाहेर गेलेली मुलं पहिल्या दिवसापासून हप्त्याचा हिशोब करत राहतात आणि रात्री उशिरापर्यंत प्रयोगशाळेत थांबायच्या वयात हॉटेलात भांडी घासतात. कष्टात कमीपणा मुळीच नाही, पण ते तास पुन्हा मिळत नाहीत.

मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढं नॅनो शिकायचं म्हणते. आम्हाला नॅनो म्हटलं की नॅनो युरियाची बाटलीच माहीत. दुकानदार सांगतो, एक बाटली म्हणजे एक पोतं. आम्ही मारून बघितली, फरक काय कळला नाही. पोरगी हेच शिकणार का? आणि ते खरं आहे का? — शेतकरी, वाळवा तालुका

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. हिशोब आपण दोघं मिळून करू.

युरियाचं पोतं ४५ किलोचं. त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे साधारण २० किलो ७०० ग्रॅम. २०२१ मध्ये नॅनो युरियाची बाटली आली ती अर्ध्या लिटरची, आणि तिच्यात नत्र ४ टक्के होतं, म्हणजे २० ग्रॅम. पोत्यातल्या नत्राच्या हजाराव्या भागाएवढं. विकणाऱ्यांचं म्हणणं असं, की जमिनीत टाकलेल्या युरियातला बराचसा उडून जातो, पाण्याबरोबर खाली जातो, आणि पानावर मारलेला बारीक कण थेट आत शिरतो. पहिला भाग खरा आहे, टाकलेल्या युरियातला पुष्कळ वाया जातो. पण समजा त्या बाटलीतलं सगळंच्या सगळं नत्र पानात गेलं, एक थेंबही वाया गेला नाही. गव्हाच्या एका क्विंटल दाण्यात साधारण दोन किलो नत्र असतं. मग २० ग्रॅम नत्रात गहू किती होईल? एक किलो. बाकीच्या पिकाला नत्र जमिनीतून, जुन्या खतातून, शेणखतातूनच यावं लागणार. पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षं भात आणि गव्हावर चाचण्या घेतल्या, तेव्हा युरिया कमी करून ही फवारणी केलेल्या रानात उत्पन्न घटल्याचं त्यांना दिसलं. तुम्हाला फरक कळला नाही, त्याचं कारण तुम्ही पोतंही नेहमीसारखं टाकलं असेल, असा माझा अंदाज आहे.

आणखी एक गोष्ट मला स्वतःला खटकते. युरिया पाण्यात साखरेसारखा विरघळतो. विरघळल्यावर कण उरतच नाही. मग बाटलीतल्या पाण्यात युरियाचा नॅनोकण टिकतो कशावर? हा प्रश्न तुमच्या मुलीने प्रवेशाच्या मुलाखतीत कुणाला तरी विचारावा, अशी माझी फार इच्छा आहे. उत्तर देणाऱ्याची परीक्षा होईल.

यावरून नॅनोचं सगळंच पोकळ आहे असं मनात धरू नका. आयआयटी मद्रासमध्ये रसायनशास्त्रज्ञ टी. प्रदीप यांनी चांदी-सोन्याच्या नॅनोकणांनी पिण्याच्या पाण्यातली कीटकनाशकं काढून दाखवली, आणि त्यावर घरगुती गाळणी निघाली. पुढे त्यांनी लोहाच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडपासून आर्सेनिक धरून ठेवणारा पदार्थ केला. आर्सेनिकने विहिरी नासलेल्या गावांत तो वापरला जातो. फवारणीचं पाणी शेवटी कुठे जातं हे तुमच्या भागातल्या माणसाला मी सांगायला नको. तुमची मुलगी अशा कामात पडली तर वाळव्यालाच त्याचा उपयोग होईल.

तिला नॅनो शिकू द्या. पण प्रवेशाचे फॉर्म निघेपर्यंत तिच्याकडून एक काम करून घ्या. जनावरांसाठी तुम्ही मका करतच असाल. त्यातल्या बारा सऱ्या तिच्या ताब्यात द्या, तीन-तीनच्या चार पट्ट्या. पहिल्या पट्टीला युरिया नेहमीसारखा. दुसरीला युरिया निम्मा आणि वरून बाटलीची फवारणी. तिसरीला युरिया निम्मा आणि बाटलीत जेवढं नत्र आहे तेवढाच साधा युरिया पाण्यात विरघळवून त्याची फवारणी; वीस ग्रॅम नत्राला साधा युरिया ४३-४४ ग्रॅम लागतो, तुमच्या बाटलीवर नत्र किती लिहिलंय ते बघून आणि बाटली जेवढ्या पाण्यात मिसळता त्या हिशोबाने घ्यायचा. चौथीला युरिया निम्मा आणि नुसत्या पाण्याची फवारणी. वरच्या परभणीच्या मुलाला मी तेवढ्याच चांदीच्या सिल्व्हर नायट्रेटची जी चकती सांगितली, ती म्हणजे इथली तिसरी पट्टी. पट्ट्या बांधाकडून चिठ्ठ्या टाकून लावा, म्हणजे पाटाजवळची चांगली जमीन कोणत्या पट्टीला द्यायची हे आपल्या मनावर राहणार नाही. फवारणी एकाच दिवशी, सकाळी. पंप प्रत्येक वेळी धुऊन घ्यायचा.

कापणीला कडेची सरी सोडून मधल्याच सरीचा हिरवा चारा तोलायचा, वैरणीच्या काट्यावर, आणि वजन तिने स्वतः वहीत लिहायचं. तुम्ही तेव्हा शेजारी उभे राहा, पण कोणत्या पट्टीला काय दिलंय ते काटा धरणाऱ्या गड्याला सांगू नका. चारही वजनं मला पत्राने कळवायला सांगा, आणि पत्र तिच्या हातचं असू दे.